सलीम गोल सोडून पुढे का आला?

मुकुंदा, या लेखात मला एकाच प्रश्नाचे उत्तर शोधायचे आहे. अंतिम सामन्याच्या तिसऱ्या दिवशी, खेळ संपत आलेला असताना, आपल्या संघाचा गोलरक्षक सलीम गोलरेषा सोडून पुढे का धावला? स्वतःच्या हिशेबाने, की तुझ्या ओरडण्याने?

तू गेल्यावर तुझ्या घरची माणसांची ये-जा अजून थांबलेली नाही. अशा वेळी मी हॉकी काढून बसलो हे कुणाला विचित्र वाटेल. पण तुझ्या बँकेतल्या नोकरीबद्दल, मनमिळाऊ स्वभावाबद्दल, गणपतीच्या दहा दिवसांतल्या तुझ्या धावपळीबद्दल लिहिणारे लिहितील. मी आयुष्यभर शाळेत भूमिती शिकवली. मला एका वेळी एकच प्रश्न हाती घेता येतो, आणि हल्ली तोही मध्ये थांबून, दम खाऊन.

ज्यांनी तो सामना पाहिला नाही त्यांच्यासाठी ‘दिया है’ आधी मांडतो. हिंदी माध्यमाच्या शाळेत प्रमेयाची सुरुवात या दोन शब्दांनी करायची सवय हाताला लागली, ती सुटत नाही. तुला हे सगळे पाठ आहे. तू मध्ये बोलू नकोस.

आपण दोघे कॉलेजात होतो, इथेच माळव्यात, हिंदी मुलखात. माधव नगरच्या बाजूच्या मातीच्या मैदानावर हिवाळ्यात हॉकीची मोठी स्पर्धा भरत असे. त्या वर्षी अंतिम सामना आपल्या शहराचा संघ आणि बाहेरगावचा एक तगडा संघ यांच्यात होता. तेव्हाचा नियम असा की अंतिम सामना बरोबरीत सुटला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळायचा. पहिला दिवस बरोबरीत गेला. दुसराही गेला. दोन्ही दिवस आपल्याला वाचवले ते सलीमने. वेताचे आणि कापसाचे जड पॅड पायांना बांधून, थंडी म्हणून डोक्या-कानांवरून मफलर गुंडाळून तो गोलात उभा राही. पहिल्या दिवशी पेनल्टी कॉर्नरमागून कॉर्नर त्याने पॅडवर घेतले. चेंडू आदळला की अंगणात गादी झोडपावी तसा आवाज मैदानभर जाई. दुसऱ्या दिवशी एक चेंडू वरच्या कोपऱ्यात चालला होता, तो त्याने तळहाताने दारावरच्या माशीसारखा बाहेर हाकलला. त्यानंतर शेजारचे एक अनोळखी गृहस्थ माझ्या खांद्यावर हात ठेवून बराच वेळ नुसते उभे होते, हे तुला कधी सांगितले होते का, आठवत नाही.

मात्र या दोन दिवसांत सलीमने चुन्याची रेषा सोडली नाही. एकदाही नाही. त्याची खोडच ती. तू त्याला ‘घरजावई’ म्हणायचास. “दाराच्या बाहेर पाय नाही टाकणार हा. सासरा हाकलून देईल ना!” असे तू इतक्या मोठ्याने बोललास की पुढच्या रांगेतल्या बायकाही वळून हसल्या.

तिसऱ्या दिवशी तू फर्मान काढलेस. “दोघं सोबत बसलो की बरोबरी होते. आज अलग बसू.” मी म्हटले, “याला काही आधार आहे का?” तू म्हणालास, “दोन दिवसांचा आहे. तुझ्या गणितात दोन बिंदू मिळाले की रेषा निघते ना? मग चल, उठ.” तू सलीमच्या गोलामागच्या बुटक्या भिंतीवर जाऊन बसलास, मी मधल्या रेषेपाशी, बाजूला. या विषयावर भूमितीला धरून तुझ्या तोंडून निघालेले वाक्य ते दोन बिंदूंचे, तेवढेच.

आपण एका गोलने पुढे होतो. ऊन उतरले होते. शेवटी शेवटी त्यांच्या सेंटर-फॉरवर्डने आपल्या मागच्या खेळाडूला चकवले आणि तो एकटा चेंडू घेऊन डीमध्ये, गोलसमोरच्या अर्धवर्तुळात शिरला. समोर फक्त सलीम. आणि तोच सलीम, जो दोन दिवस रेषेवर खिळून होता, धावत सुटला. जड पॅडांसह, अंग पुढे टाकून. फटका बसला, सलीम दोन्ही पाय आडवे करून घसरला, चेंडू पॅडवर आपटून बाजूला गेला. थोड्याच वेळात शिट्टी झाली. आपण जिंकलो.

मी हे सगळे पाहिले, पण माझ्यापर्यंत तुझा आवाज पोचला नाही. तू ओरडलास, पण पाहिलेस काहीच नाही, कारण ओरडता ओरडता तू डोळे मिटून घेतले होतेस. त्या क्षणाचा अर्धा साक्षीदार मी आणि अर्धा तू. त्यामुळे पुढची सगळी वर्षे एकमेकांशिवाय आपले भागले नाही.

गर्दीतून तू धावत आलास तो धाप लागलेला.

“मास्तर, ऐकलं का? मी बघ-बघ करून ओरडलो आणि तो भागला!”

मी तेव्हा मास्तर नव्हतो. चुका काढतो म्हणून तू ते नाव ठेवले होतेस, पुढे नोकरीने ते खरे केले.

“म्हणजे काय?”

“अरे यार, त्याला मराठी कुठे येते? मी म्हणालो बघ, त्याला वाटलं भाग! भाग-भाग! म्हणून निकलला ना बाहेर!”

“निकलला नाही, निघाला.”

“निघाला तर निघाला. पण माझ्यामुळे निघाला!”

मी लगेच हरकत घेतली. तू मैदानावर सदैव हिंदीतून ओरडायचास. ‘मार’, ‘पास दे’, ‘अंधा है क्या’. तेव्हा सावध करायचे तर ‘देख’ म्हणाला असशील, आणि ‘देख’चे ‘भाग’ होऊ शकत नाही. त्यावर तू म्हणालास, “डर लागल्यावर देख कुठून आठवणार? आईचीच भाषा निघते तोंडातून.”

वाद तिथून सुरू झाला.

माझी बाजू मी पुढे वर्गात फळ्यावर मांडत आलो. गोलचे दोन खांब म्हणजे दोन बिंदू, चेंडू तिसरा. चेंडूपासून दोन्ही खांबांकडे रेषा काढल्या की फटक्याला मोकळा असलेला कोन मिळतो. रक्षक रेषेवर उभा राहिला तर त्या कोनाचा थोडाच भाग झाकतो. जसजसा तो चेंडूकडे सरकतो तसतसा जास्त झाकतो. मुलांना पटावे म्हणून मी मेणबत्ती लावून तिच्यासमोर तळहात धरत असे. हात भिंतीजवळ असला तर सावली हाताएवढी, ज्योतीजवळ नेला तर निम्मी भिंत काळी. मुले ‘हो’ म्हणत. सलीम दोन दिवस त्या फॉरवर्डला पाहत होता. हा माणूस चेंडू उचलून मारतो, रेषेवर थांबलो तर संपलो, हे त्याने ताडले आणि तो निघाला. अनुभवी गोलरक्षकाला हे सुचण्यासाठी भिंतीवरच्या मराठी माणसाची गरज नाही.

“फळ्यावरच्या सलीमला घाम नाही येत,” तू म्हणायचास. “दोन दिवस नाही सुचलं, आणि बरोबर मी ओरडलो तेव्हाच सुचलं? वा!”

या आक्षेपाला माझ्यापाशी पुरते उत्तर नव्हते. तुझ्यापाशी ‘देख’वरच्या उत्तराला पुरावा नव्हता. म्हणून ते भांडण चालले. तुझ्या लग्नाच्या पंगतीत चालले. तुझी बदली बाहेरगावी झाली तेव्हा फोनवर चालले. निवृत्तीनंतर रोज संध्याकाळी टावर चौकात चहाच्या दोन पेल्यांवर चालले. आता मी त्या बाजूने जातो तेव्हा चहावाला पाहतो आणि काही विचारत नाही. मीही थांबत नाही. बसलो तर उठावे लागते, आणि उठायचा फार कंटाळा येतो.

तुला आठवत असेल, आपण एकदा खुद्द सलीमभाईंनाच गाठले होते. केस पिकले होते, गुडघे गेले होते, नानाखेड्याकडे त्यांचे सायकलींचे दुकान होते. टावर चौकात त्यांना कचोरी खायला बसवून तू सरळ विचारलेस.

“सलीमभाई, सच बताना. उस दिन ‘भाग’ सुना था ना आपने?”

“बिल्कुल सुना था साहब. साफ़ सुना था.”

तू माझ्याकडे असे पाहिलेस की जणू स्पर्धेचा कप हातात आला. मग तू हात धुवायला गेलास आणि मी पुढे वाकून हळूच विचारले, “सलीमभाई, आप तो एंगल काटने निकले थे ना?”

“और क्या मास्साब! गोलची का काम ही वो है.”

तू परत आल्यावर मी दोन्ही उत्तरे समोर ठेवली. सलीमभाई कचोरी संपवून, बोटे पुसून हसले. “आप दोनों की दोस्ती बनी रहे. गेंद तो रुक गई ना?”

शिकवण्यासारखी गोष्ट यात एकच आहे, ती सांगून ठेवतो: प्रश्नातच उत्तर असेल तर साक्षीदार सभ्यपणे तेच परत करतो. चूक दोघांची होती. आता सलीमभाई मुलाकडे भोपाळला असतात आणि त्यांना ऐकू फार कमी येते. ती वाट बंद झाली.

आता रुग्णालयातली दुपार. लिहायला सर्वांत अवघड भाग हा आहे, म्हणून सावकाश लिहितो.

वहिनी जेवायला घरी गेल्या होत्या. तुझ्याजवळ मी होतो. तू बराच वेळ छताकडे पाहत होतास. मग म्हणालास, “मास्तर, तू सही था. सलीम खुद ही निकला था.”

“बोलू नकोस. दम लागतो तुला.”

“नहीं, मान लिया मैंने. हार मान ली.”

एवढी वर्षे मी या वाक्याची वाट पाहत होतो, असे मला वाटत असे. ते आले तेव्हा कुणीतरी हातातली वस्तू काढून घ्यावी तसे झाले. आणि एक गोष्ट मला तिथेच खटकली. तू माझ्याशी मराठीत बोलायचास. त्यात हिंदी शब्द मुरमुऱ्यांत शेव पडावी तसे पडलेले असत, मी वेचून काढत असे, तू पुन्हा टाकायचास. पण आख्खी वाक्ये हिंदीत? तशी मी तुला बँकेच्या खिडकीपलीकडून बोलताना ऐकले होते. वैतागलेल्या माणसाला समाधानाने घरी पाठवायचे असे तेव्हा. “हो जाएगा बाबूजी, आपका काम समझो हो गया.” तोच स्वर. मी तुझ्या खिडकीसमोर उभा होतो आणि तू माझे काम करून मला वाटेला लावत होतास.

तू डोळे मिटलेस.

त्याच संध्याकाळी वहिनी यायच्या सुमारास मी स्टुलावरून उठलो. माझ्या शालीचे टोक सलाइनच्या स्टँडला अडकले होते, मला कळले नाही. स्टँड कलंडायला लागला, बाटलीसकट, तुझ्याच अंगावर. तू ते माझ्या आधी पाहिलेस. घशात आवाज उरला नव्हता तरी तू ओरडलास.

“बघ-बघ-बघ!”

मी स्टँड धरला. बाटली नुसती हिंदकळली. आणि दारात ट्रे घेऊन उभी असलेली नर्स, आपल्या माळव्यातलीच, मराठीशी काही संबंध नसलेली, ट्रे टेबलावर टाकून उलट पावली पळत सुटली. पॅसेजमध्ये तिच्या चपलांचा आवाज दूरपर्यंत गेला. जरा वेळाने ती डॉक्टरांना घेऊन धापा टाकत आली. काय झाले म्हणून डॉक्टरांनी विचारले. ती म्हणाली, “बाबूजी ने ही तो बोला, भाग-भाग. मैं समझी आपको बुलाने का बोल रहे हैं.”

मुकुंदा, मी तिला काहीही विचारले नव्हते. प्रश्नातून उत्तर पुरवले नव्हते. तिला सलीम ठाऊक नव्हता, सामना ठाऊक नव्हता, आपण ठाऊक नव्हतो. आणि तू भ्यालास तेव्हा ‘देख’ म्हणाला नाहीस. माझ्या दोन्ही हरकती, ‘देख’ची आणि पढवलेल्या साक्षीची, एका झटक्यात खाली आल्या.

मी वळून तुझ्याकडे पाहिले. तुला ग्लानी आली होती. नर्सचे बोलणे तू ऐकलेस की नाही, हे मला माहीत नाही. सकाळी सांगू, असे मी ठरवले. शब्दही मनात जुळवून ठेवले होते: “मुकुंदा, तुझी हार मी स्वीकारत नाही. प्रश्न पुन्हा उघडला आहे.” तू कसा पाहशील, तेही ठरवून टाकले होते. सकाळी मी पोचलो तेव्हा वहिनी पॅसेजमध्ये बाकावर बसल्या होत्या, आणि त्यांच्या शेजारी तुझी चप्पल पिशवीत घालून ठेवलेली होती.

परवा वहिनींनी मला विचारले, “भावजी, तुमच्या त्या मॅचचं शेवटी काय ठरलं?”

मी म्हटले, “त्याने हार मानली होती.”

“ते मला माहिती आहे. मला बोलले होते.” त्या पदराचे टोक सरळ करत होत्या. “म्हणाले, मास्तरचं मिटवून टाकतो. नाही तर बसेल एकटाच त्या चौकात, स्वतःशी भांडत.”

म्हणजे माझा खिडकीचा तर्क बरोबर होता. पण हे तुझे गणित चुकले, मुकुंदा, आणि या चुकीखाली मला लाल रेघ मारलीच पाहिजे. वाद मिटला की माणूस सुटतो असे तू धरलेस. वाद उघडा असता तर संध्याकाळी चौकात बसायला मला निदान काही कारण असते. तू समोर नसतानाही तुझी बाजू कुणीतरी मांडायला हवी, म्हणून मी बसलो असतो. तू ते कारणच घेऊन गेलास. मला एकटे पडू द्यायचे नाही म्हणून केलेस, हे कळते. त्याबद्दल राग नाही. उपकारच आहेत. पण थकलेल्या माणसाला उपकारही उचलायला जड जातात.

तुझी हार मी तुला परत करतो आहे. मात्र नुसती भावनेपोटी परत केली तर तूच म्हणशील, “मास्तर, सहानुभूतीचे मार्क देतोस का?” तेव्हा सिद्धता हवी. म्हणून वहिनींना घेऊन मी सकाळी त्या मैदानावर गेलो. आता तिथे लोक फेऱ्या मारतात. गोलचे खांब लोखंडी आहेत, जाळी नाही, भिंत अजून आहे. वहिनी भिंतीपाशी उभ्या राहिल्या, मी कानांवर मफलर बांधून रेषेवर.

“वहिनी, ओरडा.”

“बघ,” त्या म्हणाल्या. जेवायला वाढले आहे असे सांगावे, इतक्या हळू.

“अहो, जोरात! स्टँड पडतो आहे असे समजा.”

“लोक बघून राहिले ना, भावजी.” मग त्यांनी डोळे मिटले, मी पाठ फिरवली, आणि त्या खरोखर ओरडल्या. “बघ-बघ-बघ-बघ!” फेऱ्या मारणारे दोघे-तिघे थांबले. वहिनी तिथेच भिंतीवर बसल्या. मी लगेच वळलो नाही.

जे लक्षात आले ते असे. ‘बघ’मधला ह-कार शेवटी आहे, ‘भाग’मधला सुरुवातीला. एकदाच म्हटले तर फरक कळतो. पण एकामागून एक, न थांबता म्हटले की पहिल्या ‘घ’चा श्वास घसरून पुढच्या ‘ब’वर जाऊन बसतो. ओरडताना अ ताणला जातो, तो लांबून आ वाटतो. मफलरीतून तर नक्कीच वाटतो. मी ‘भाग’ ऐकले, मुकुंदा. पण माझी साक्ष ग्राह्य नाही. मला काय ऐकायचे होते ते मला आधीच ठाऊक होते. सलीमभाईंसारखे मीही सभ्यपणे तेच परत केले असेल. उरली ती नर्स. एक थकलेला घसा आणि एक दचकलेले माणूस, एवढ्यावर प्रमेय उभे राहत नाही.

पुढचे मला एकट्याने जमणार नाही. तू जरा बाजूला बस. मी वाचकांशी बोलतो.

वाचकहो, हा लेख वाचल्यामुळे तुम्हीही ऐकणारे म्हणून बाद झाला आहात. ओरडणारे म्हणून चालाल. घरातले किंवा शेजारचे मराठी न जाणणारे एखादे माणूस घ्या. त्याला काही सांगू नका. कानांवरून मफलर गुंडाळून त्याला मोकळ्या जागी पाठमोरे उभे करा. तुम्ही मागे, हाक पोचेल इतक्या अंतरावर जा, आणि खरोखर भ्याल्यासारखे, न थांबता ‘बघ-बघ-बघ’ म्हणा. तो मान वळवतो की धावत सुटतो, तेवढेच पाहा. माझ्या म्हणण्यावर जाऊ नका, आणि मुकुंदाच्याही नको. स्वतः करून बघा.